चुन्याच्या डबीतले काळे दाणे

गेल्या आठवड्यात उपकेंद्राचं कपाट आवरायला काढलं, म्हणजे पावसाच्या आधी दरवर्षी काढावंच लागतं नाहीतर रजिस्टरांना बुरशी येते, आणि त्यात जुनं ड्रेसिंगचं रजिस्टर हाताला लागलं. सहज चाळत बसले. एका काकांचं नाव सतरा वेळा. सतराही वेळा माझ्याच अक्षरात तेच ते, "उजव्या पायाची जखम, साफ केली, बीटाडीन ड्रेसिंग, पाय उंच ठेवण्यास सांगितले". आणि आजाराच्या रकान्यात सतराही वेळा "इतर".

त्या "इतर"बद्दल लिहायचंय. बरेच दिवस मनात होतं पण स्वतःची चूक लिहायला हात लवकर उचलत नाही ना.

मी सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी आहे, देवगडच्या अंगाला एका आरोग्य उपकेंद्रात. त्याआधी काही वर्षं स्टाफ नर्स होते. सांगायचा मुद्दा, मी काही नवशिकी नाही. काकांना विचारून लिहितेय, नाव आणि वाडी लिहीत नाही, ते म्हणाले लिही पण फोटो नको.

तर काका. वय पन्नाशीच्या पुढे, आंब्याच्या बागेत रोजावर जातात, पावसात स्वतःचं भात लावतात. सहा-सात वर्षांपूर्वी सड्यावर (कातळाच्या माळावर) कवळ, म्हणजे पाल्याच्या फांद्या, तोडताना तळपायात काटा गेला. कसला काटा ते त्यांनाही आठवत नाही, करवंदीचा असेल, कोकणात पायात काटा जाणं ही काय लक्षात ठेवायची गोष्ट आहे का. काढला, थोडं खोबरेल लावलं, विषय संपला. वर्ष-दीड वर्षानं त्याच पायावर सुपारीएवढी गाठ आली. दुखत नव्हती. आणि इथेच सगळी गोम आहे, दुखत नव्हती. "दुखणा नाय तर दवाखान्यात कित्याक जावचा?" हे काकांचं म्हणणं, आणि खरं सांगा त्यांच्या जागी आपण असतो तर गेलो असतो का, तेही ऐन मोहराच्या दिवसात रोज बुडवून.

गाठ वाढली तेव्हा ते एका डॉक्टरांकडे गेले, त्यांनी कापून काढली. काढलेली गाठ तपासायला पाठवली नाही. वर्षभरात गाठ परत, या वेळी बाजूला अजून दोन. मग तिला तोंडं पडली, बारीक भोकं, त्यातून पातळ पू. एक भोक बुजायचं की शेजारी दुसरं उघडायचं. पाय हळूहळू पुढच्या बाजूनं जाड होत गेला, चपलेत मावेना म्हणून चपलेचा पट्टाच कापला.

मग आलो आम्ही सरकारी लोक. सुजलेला पाय, कोकण, विषय संपला, हत्तीरोग. आमच्याकडे हे इतकं अंगवळणी पडलंय की पाय सुजलेला दिसला की डोकं पुढे विचारच करत नाही. रात्रीचं रक्त घेतलं (हत्तीरोगाचे जंतू रात्री रक्तात येतात म्हणून आरोग्य सेवक रात्री आठनंतर घरोघरी फिरतात, नवीन वाचणाऱ्यांसाठी सांगितलं). रिपोर्ट निगेटिव्ह. तरीही बारा दिवस डीईसीच्या, म्हणजे हत्तीरोगाच्याच, गोळ्या दिल्या कारण जुन्या हत्तीपायात रक्त निगेटिव्हच येतं ना, हे आम्हाला माहीत होतं. म्हणजे बघा अर्धं ज्ञान कसं काम करतं, निगेटिव्ह रिपोर्टलाही आमच्याकडे उत्तर तयार होतं. टब, मग, साबण, टॉवेल असलेलं हत्तीरोगाचं किटसुद्धा दिलं त्यांना. काकी त्या टबात अजून भात भिजत घालतात.

त्यात दोन महिने गेले, सूज तीच. मग शुगर बघितली, नॉर्मल. कुष्ठरोग असेल का म्हणून पायाला स्पर्श कळतो का ते बघितलं, कळत होतं. मग कोणी हाडाचा टीबी म्हणालं. शेवटी काका दर चार-पाच दिवसांनी माझ्याकडे ड्रेसिंगला यायला लागले आणि मी रजिस्टरमध्ये "इतर" लिहायला लागले.

आता ते दाणे.

ड्रेसिंग करताना गॉजवर पुवाबरोबर काळे काळे बारीक कण यायचे. मोहरीपेक्षा लहान, तिळाचा चुरा म्हणा, थोडे टणक. मला वाटायचं माती आहे. बागेत अनवाणी फिरतात, जखमेत माती जाते, आणि मी त्यांना ओरडायचे की काका किती सांगू जखम झाकून ठेवा म्हणून. नॉर्मल सलाईननं स्वच्छ धुवून, पुसून, कण काढून, गॉज पिवळ्या पिशवीत. जखम किती स्वच्छ करते म्हणून मला स्वतःचं कौतुक. सतरा वेळा मी निदान पुसून कचऱ्यात टाकलं. याच्यापेक्षा वेगळं कसं लिहू कळत नाही.

ते ओळखलं काकींनी. म्हणजे नाव नाही ओळखलं पण हे माती नव्हे हे ओळखलं. एका दिवशी काकांबरोबर आल्या आणि कनवटीची पितळी चुन्याची डबी काढून टेबलावर ठेवली. "बाय, ह्या काय ता बघ गो. पायातसून रोज येता." डबीत ते काळे दाणे, सुकलेले, पंचवीस-तीस तरी. घरी त्या फडक्यावरून वेचून ठेवत होत्या. माती पाण्यात विरघळते, हे विरघळत नाहीत, हे त्यांनी वाटीत पाणी घेऊन बघितलं होतं! आणि ही डबी माझ्याकडे यायच्या आधी देवळात जाऊन आली होती. कौल लावला होता, गाऱ्हाणं घातलं होतं. देवानं काय सांगितलं ते मी विचारलं नाही, पण डबी माझ्याकडे आली म्हणजे काहीतरी बरंच सांगितलं असणार.

मी त्या दाण्यांचा फोटो काढून माझ्याबरोबर नर्सिंगला असलेल्या मैत्रिणीला पाठवला, ती आता एका मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग विभागात आहे. तिचा पाच मिनिटांत फोन. "टाकू नकोस. एक पण दाणा टाकू नकोस."

मायसेटोमा. मदुरा फूट म्हणून आम्ही नर्सिंगच्या पुस्तकात एक ओळ वाचली होती, परीक्षेत एका मार्काला जोड्या लावामध्ये यायची. मदुरा म्हणजे मदुराई, १८४२ मध्ये तिथल्या दवाखान्यातल्या गिल नावाच्या डॉक्टरनं याची नोंद केली त्यावरून पडलेलं नाव. पण मायसेटोमा हे नाव पडलं ते आपल्या मुंबईत, हे मला आत्ता वाचताना कळलं. हेन्री व्हॅनडाइक कार्टर म्हणून एक इंग्रज डॉक्टर. ग्रेज अॅनाटॉमी माहितीये ना, शरीररचनेचं ते पुस्तक, १८५८ चं, त्यातली चित्रं यानं काढली. पुस्तक निघालं त्याच वर्षी तो मुंबईला आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवायला. इथे त्याच्यासमोर हे पाय आले. त्यानं पुवातले दाणे पुसले नाहीत, सूक्ष्मदर्शकाखाली घातले, आणि १८६०-६१ च्या सुमारास सांगितलं की ही बुरशी आहे. मग काही वर्षं साताऱ्यात सिव्हिल सर्जन होता, आणि १८७४ मध्ये या आजारावर अख्खं पुस्तक लिहिलं. म्हणजे मुंबईत दीडशे वर्षांपूर्वी जे दाण्यात सापडलं ते मुंबईपासून एका रात्रीच्या एसटीवर मी कापसानं पुसत होते.

हा आजार समजायला खरंतर अवघड नाही, म्हणून तर राग येतो. मातीत, काट्यांवर काही बुरश्या असतात आणि बुरशीसारखे वागणारे काही बॅक्टेरिया असतात. काट्याबरोबर कातडीखाली जातात आणि तिथेच कॉलनी करून राहतात, त्या कॉलनीचा गोळा म्हणजे तो दाणा. तीन गोष्टी बघायच्या: न दुखणारी टणक गाठ किंवा सूज, तिला पडलेली भोकं, आणि भोकांतून येणारे दाणे. तिन्ही एकत्र दिसलं की दुसरं काही डोक्यात आणायच्या आधी हे आणायचं. हत्तीपाय असा नसतो, तो आधी मऊ सुजतो, बोटानं दाबलं की खड्डा पडतो, घोट्याशी वळ्या पडतात, त्याला अशी भोकं नसतात आणि दाणे तर नाहीतच. मायसेटोमा एका जागी सुरू होऊन आत आत खणत जातो, हाडापर्यंत, आणि तरी दुखत नाही. काकांच्या एक्सरेत पायाच्या पुढच्या हाडांना भोकं पडलेली दिसत होती आणि ते त्या पायावर आंब्याच्या पेट्या उचलत होते.

दाण्याचा रंगसुद्धा बोलतो. काळा असेल तर जवळजवळ नक्की बुरशी. लाल असेल तर बॅक्टेरिया. पांढरा किंवा पिवळा असेल तर दोन्हीपैकी काहीही असू शकतं, मग लॅबशिवाय इलाज नाही. आणि हे नुसतं पुस्तकी नाही कारण औषधं पूर्ण वेगळी आहेत. बॅक्टेरियावाला कोट्रायमॉक्साझोल आणि अमिकॅसिनसारख्या अँटिबायोटिकनं बरा होतो, चांगला बरा होतो. बुरशीवाला चिवट, त्याला इट्राकोनॅझोल हे बुरशीचं औषध महिनोन्महिने, बहुतेक वेळा वर्षभर किंवा जास्त, आणि सोबत ऑपरेशन, आणि तरी परत येऊ शकतो. काकांचा काळा. नशीबच.

नमुना कसा पाठवायचा हेही मला फोनवर शिकावं लागलं. भोकावर सलाईननं ओला केलेला गॉज रात्रभर बांधून ठेवायचा, सकाळी दाणे त्याला चिकटलेले मिळतात. आणि डॉक्टरांनी तुकडा काढला तर दोन बाटल्यांत घालायचा, एक फॉर्मलिनची, एक साध्या सलाईनची. फॉर्मलिनमध्ये सगळं मरतं, तो नुसता बघायच्या उपयोगाचा, वाढवून बघायचं असेल तर सलाईनवाला लागतो. आपल्याकडे तुकडा म्हटलं की हात आपोआप फॉर्मलिनकडे जातो, मीही गेले असते.

काकांना मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं. पहिल्यांदा जायलाच तयार नव्हते, पाय कापतील म्हणून. ही भीती उगाच नाही, उशीर झालेल्या कित्येक जणांचे पाय खरंच कापावे लागतात. एमआरआय झाला, त्यात म्हणे गोल वर्तुळ आणि मधे ठिपका असं दिसतं, दाणा आणि त्याभोवतीची सूज, तिथल्या डॉक्टरांनी मला फोटो पाठवला तेव्हा मी बराच वेळ बघत बसले. ते ठिपके म्हणजे माझे सतरा दिवस.

मग औषध सुरू. आणि इथे दुसरी चूक, तीही माझीच. काकांना इट्राकोनॅझोल सुरू झाल्यावर पोटात जळजळ व्हायची, ते माझ्याकडे आले, मी अॅसिडिटीची गोळी दिली. रोज. चांगला दीड महिना दिली. फॉलोअपला डॉक्टरांनी सगळ्या पट्ट्या बघितल्या आणि मला फोन केला की सिस्टर, ही कॅप्सूल अंगात उतरायला पोटात अॅसिड लागतं, तुम्ही तेच मारताय. जेवणाबरोबर द्या, अॅसिडिटीची गोळी बंद. ओरडले नाहीत, पण ओरडले असते तर बरं वाटलं असतं. शिवाय लिव्हरची तपासणी अधूनमधून करावी लागते, आणि कॅप्सूल आमच्या पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) स्टॉकमध्ये नाही, बाहेरून घ्यावी लागते, महिन्याचा खर्च म्हणजे काकांची चार-पाच दिवसांची मजुरी. मुंबईचा मुलगा पाठवतो म्हणून चाललंय. मुंबईत मुलगा नसलेल्याचं काय, हे आम्ही मीटिंगमध्ये बोललो आणि एमओ (वैद्यकीय अधिकारी) सरांनी वर लिहून पाठवलंय.

त्या मीटिंगचंच सांगते. मासिक सभेत मी मोबाईलवर काकांच्या पायाचा जुना फोटो दाखवला (परवानगी घेऊन) आणि विचारलं काय आहे ओळखा. आम्ही चौदा जण. आठ जणांनी हत्तीपाय सांगितलं. दोघांनी शुगरचा पाय. एक महारोग, एक गँगरीन. एक नवी आशाताई म्हणाली आमच्याकडे याला करणी म्हणतात, सगळे हसले, पण खरं सांगू तर तिचं उत्तर आमच्या उत्तरांपेक्षा फार लांब नव्हतं, तिनं फक्त आपल्याला माहीत असलेला शब्द वापरला, आम्हीही तेच केलं. एकच जण, रिटायरमेंटला आलेले आरोग्य सेवक, म्हणाले, "मदुरा असंल. पू पुसू नका, बघा त्यात काय हाय." त्यांनी नोकरीच्या सुरुवातीला घाटावर असताना एक बघितलेला. एकदा बघितलेला तीस वर्षं लक्षात राहिला.

मला वाटतं आम्ही मूर्ख नाही. आमचे डोळे रकान्यांनी घडवलेत. हत्तीरोगाला रकाना आहे, मोहीम आहे, वर्षातून एकदा गोळ्या वाटप आहे. कुष्ठरोगाला शोधमोहीम आहे. लेप्टोला (उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप) भातलावणीच्या दिवसात डॉक्सीच्या गोळ्या वाटतो, पोस्टर आहे. जे रकान्यात आहे ते आम्हाला अंधारातही दिसतं, आणि जे नाही ते उजेडात टेबलावर पाय ठेवून बसलं तरी "इतर". जागतिक आरोग्य संघटनेनंही मायसेटोमाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं ते २०१६ मध्ये, म्हणजे दुर्लक्षितांच्या यादीतसुद्धा तो उशिरा आला.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही बरं का. इथिओपियात पोडोकोनिओसिस म्हणून पायाचा एक वेगळा आजार आहे, डोंगराळ भागातल्या ज्वालामुखीच्या लाल मातीत वर्षानुवर्षं अनवाणी चालल्यानं मातीचे बारीक कण कातडीतून आत जातात आणि पाय हत्तीपायासारखे होतात, ना डास ना जंतू. (आपली जांभ्याची लाल माती बघून लगेच घाबरू नका, तो हजार मीटरच्या वरचा उंच मुलुख, आपण समुद्राच्या कडेला.) तर तिथल्या दक्षिण भागातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांचा एक अभ्यास २०१० मध्ये आला, त्यात निम्म्याहून जास्त जणांना वाटत होतं की हा आजार संसर्गजन्य आहे, आणि उपचार करताना आपल्यालाच होईल अशी भीती होती. रोज ते पाय बघणारे लोक! वाचून मला बरं वाटलं आणि मग बरं वाटल्याची लाज वाटली. मायसेटोमाही एकाचा दुसऱ्याला होत नाही. पण काकांच्या वाडीत लग्नाच्या पंगतीत त्यांना टोकाला बसवायचे, आणि आम्ही कोणी कधी जाऊन सांगितलं नव्हतं की असं काही नसतं, कारण आम्हालाच माहीत नव्हतं काय आहे ते.

चपला घाला हा सल्ला मी आता जरा जपून देते. पोस्टरवर लिहायला सोपं आहे. लावणीच्या चिखलात चप्पल घालून दाखवा कोणी, दुसऱ्या पावलाला ती चिखलात राहते आणि माणूस पुढे जातो. गमबूट घेतले एकदोघांनी, ते पिंडरीपर्यंत रुततात, काढताना दोन माणसं लागतात. पण सड्यावर कवळ तोडताना, बागेत, काट्याकुट्यात घालता येतात, तिथे मी हट्ट धरते. आणि काटा गेला तर पूर्ण काढा, साबणानं धुवा, आणि त्या जागी पुढे कधीही गाठ आली तर ती दुखत नाही म्हणूनच मला दाखवायला या. हे उलटं वाक्य लोकांना पटवायला वेळ लागतो. दुखत नाही म्हणून या.

मध्ये सुदानबद्दल वाचलं. खार्टूमला १९९१ पासून मायसेटोमाचं संशोधन केंद्र होतं, जगभरातले डॉक्टर तिथे शिकायला जायचे, हजारो पेशंटच्या नोंदी होत्या. २०२३ ला तिथे युद्ध सुरू झालं आणि त्यात ते उद्ध्वस्त झालं. नोंदी, नमुने, सगळं. मी इथे बुरशीपासून रजिस्टर वाचवत बसले होते तेव्हा हे डोक्यात होतं.

काकांचं ऑपरेशन गेल्या दिवाळीनंतर झालं. पाय वाचला, एक बोट गेलं. गोळ्या अजून चालू आहेत, सूज पुष्कळ उतरलीये, भोकं बुजलीत, गेले चार महिने एकही दाणा नाही. परत येणार नाही असं कोणी लिहून दिलेलं नाही, दर तीन महिन्यांनी जावं लागतं. या वर्षी लावणीला उतरणार का विचारलं तर म्हणाले बांधावर बसून शिव्या घालणार.

उपकेंद्राच्या कपाटात आता दोन बाटल्या आहेत, एकीवर लाल पट्टी फॉर्मलिन, एकीवर हिरवी पट्टी सलाईन. ड्रेसिंगच्या रजिस्टरात मी पेननं एक जास्तीचा रकाना आखलाय, "पुवात काही दिसले का". वरून तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं हे कुठल्या फॉरमॅटमध्ये आहे. नाहीये कुठल्याच.

आणि काकी परवा बाजाराच्या वाटेवर भेटल्या. काकांचं सगळं सांगून झालं, मग जरा थांबून, हळूच, "बाय, माझी डबी गावतली मा परत? माझ्या म्हायरची ती." मी ती डबी तशीच दाण्यांसकट मैत्रिणीकडे पाठवली होती, तिनं लॅबला दिली, लॅबनं काय केलं कोणाला ठाऊक. पुढच्या फॉलोअपला मी स्वतः जाणारे काकांबरोबर. डबी शोधायला.